डिजिटल बाजार, लेखांक ६ : विकत घेतलेले लक्ष आणि कमावलेले लक्ष

इंटरनेटवर लोकांचे लक्ष दोन वाटांनी मिळते. एका वाटेवर पैसे मोजावे लागतात, दुसऱ्या वाटेवर ते कमवावे लागते. पहिल्या वाटेची साधने म्हणजे गूगल अ‍ॅड्स, मेटा अ‍ॅड्स मॅनेजर यांसारखी जाहिरात-व्यासपीठे. दुसऱ्या वाटेची साधने म्हणजे यूट्यूब स्टुडिओ, व्हिडआयक्यू, ट्यूबबडी, गूगल ट्रेंड्स. दोन्हीकडे आलेख, टक्के आणि आकडे सारखेच दिसतात, म्हणून त्यांची सरमिसळ होते. कोणते साधन कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे ओळखणे हाच तुलनेचा पाया आहे.

कमावलेल्या लक्षाचे ठळक उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे. नगर तालुक्यातील सारोळा कासार या गावच्या सुमन धामणे आणि त्यांचा नातू यश पाठक यांचे ‘आपली आजी’ हे चॅनेल २०२० साली महाराष्ट्रभर पोहोचले. सत्तरीच्या घरातील आजी, घरचा मसाला आणि रोजच्या जेवणातले पदार्थ एवढेच त्याचे भांडवल होते. कारल्याच्या भाजीसारख्या साध्या पदार्थाला लाखो प्रेक्षक लाभले. असा प्रेक्षक जाहिरातीने आणता येत नाही. तो पुन्हापुन्हा येतो तो पदार्थासाठी आणि तो करणाऱ्या माणसासाठी.

जाहिरातीची साधने

गूगलने जाहिरातसेवा २००० साली ‘अ‍ॅडवर्ड्स’ या नावाने सुरू केली. २०१८ पासून ती ‘गूगल अ‍ॅड्स’ म्हणून ओळखली जाते. तिच्या मुळाशी लिलाव आहे, पण नुसती मोठी बोली लावून तो जिंकता येत नाही. बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जा, म्हणजे ती शोधाशी किती जुळते आणि क्लिकनंतर उघडणारे पान किती उपयोगी आहे, हेही मोजले जाते. प्रत्यक्ष सूत्र याहून गुंतागुंतीचे आहे, पण सोप्या मांडणीत ते असे : एकाची बोली १० रुपये आणि दर्जा ४, तर गुणाकार ४०. दुसऱ्याची बोली ६ रुपये आणि दर्जा ८, तर गुणाकार ४८. कमी बोलीचा दुसरा जाहिरातदार वर दिसतो. मेटाचाही लिलावच असतो. त्यात बोलीबरोबर अपेक्षित प्रतिसाद आणि जाहिरातीचा दर्जा धरला जातो.

दोन्हींतला खरा फरक गिऱ्हाइकाच्या मनःस्थितीत आहे. गूगलच्या शोधपेटीत ‘पेरूची रोपे’ असे लिहिणाऱ्याला रोपे हवीच असतात. मेटाच्या फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर बोट सरकवणारा मात्र वेळ घालवत असतो. त्याची आवड, वय आणि ठिकाण पाहून जाहिरात त्याच्यापुढे येते. म्हणून लोक नाव घेऊन शोधतात अशा मालाला गूगल सोयीचे पडते. जो माल पाहिल्यावरच हवासा वाटतो, त्याला मेटा सोयीचे. शिवाय मेटाच्या जाहिरातीतून थेट व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणे सुरू करता येते. ज्या विक्रेत्याची वेबसाइट नाही, त्याला ही मोठीच सोय आहे.

व्हिडिओ जाहिरात यूट्यूबवर गूगल अ‍ॅड्समधूनच दिली जाते. तिच्या एका प्रचलित प्रकारात पाच सेकंदांनंतर ‘स्किप’ दाबता येते. प्रेक्षकाने ३० सेकंद, किंवा जाहिरात त्याहून लहान असल्यास ती पूर्ण पाहिली किंवा तिच्यावर क्लिक केले, तरच एक ‘व्ह्यू’ धरून पैसे आकारले जातात. त्यामुळे पहिल्या पाच सेकंदांत माल आणि गाव दोन्ही कळले, तर वगळणाऱ्यालाही नाव फुकटात दिसते.

हिशेब कसा करावा

समजा, राहाता तालुक्यातील एका पेरू-रोपवाटिकेने मृगाच्या आधी दोन्हीकडे प्रत्येकी ५,००० रुपये लावले. पुढचे आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत. गूगलवर १० रुपयांना एक याप्रमाणे ५०० क्लिक आले, २५ फोन आले आणि ५ जणांनी रोपे नेली. मेटावर २० रुपयांना एक याप्रमाणे २५० जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा केली, पण रोपे ४ जणांनीच नेली. विचारणांची गर्दी मेटावर जास्त असली, तरी एक गिऱ्हाईक गूगलवर १,००० रुपयांना आणि मेटावर १,२५० रुपयांना पडले. क्लिक, लाइक किंवा विचारणा यांची किंमत वेगवेगळी असते. तुलना शेवटच्या विक्रीपाशीच करावी लागते. १८ टक्के जीएसटी धरला की ५,००० चे ५,९०० होतात, हेही खर्चात मांडायला हवे.

चॅनेलची साधने

यूट्यूब स्टुडिओ हे यूट्यूबचे स्वतःचे, फुकट साधन आहे आणि चॅनेलची खरी आकडेवारी तिथेच असते. त्यातले दोन आकडे सर्वांत बोलके. लघुचित्र, म्हणजे थंबनेल, जितक्यांना दिसले त्यांतल्या किती टक्के लोकांनी ते दाबले, हा पहिला. यूट्यूबच्याच माहितीनुसार निम्म्या चॅनेलांमध्ये हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते. दुसरा आकडा प्रेक्षक टिकण्याचा, म्हणजे रिटेन्शनचा. आलेखात ३० व्या सेकंदाला किती जण उरले हे दिसते. रेषा तिथेच कोसळली असेल, तर नमस्कार आणि प्रस्तावना लांबली असे समजावे. ती मध्येच उंचावली, तर तेवढा भाग लोकांनी मागे जाऊन पाहिलेला असतो. फोडणीत मसाला किती पडला, हे पाहण्यासाठी असे मागे जाणे स्वाभाविकच आहे. लघुचित्रांची चाचणीही आता स्टुडिओतच होते. तीनपर्यंत चित्रे लावता येतात आणि कोणत्या चित्राने अधिक पाहण्याचा वेळ मिळवला ते कळते.

व्हिडआयक्यू आणि ट्यूबबडी ही बाहेरच्या कंपन्यांची साधने ब्राउझरला जोडून चालतात. मोजक्या सोयी फुकट, बाकीच्यांना वर्गणी. शब्द सुचवणे, त्या शब्दाला मागणी आणि स्पर्धा किती याचे गुण देणे, इतर चॅनेलांवर नजर ठेवणे हे दोन्हींत आहे. व्हिडआयक्यूचा भर विषय सुचवण्यावर अधिक आहे, तर अनेक जुन्या व्हिडिओंचे वर्णन एकदम बदलण्यासारखी कामे ट्यूबबडीत सोपी होतात. त्यांनी दिलेले गुण हा अंदाज असतो. स्टुडिओतला आकडा आणि हा गुण यांत विरोध आला, तर स्टुडिओचा आकडा धरावा.

मराठी चॅनेलला शब्दशोधाचा वेगळा उपयोग आहे, कारण एकच गोष्ट अनेक तऱ्हांनी लिहिली जाते. नगर भागात घरोघरी होणारे शेंगोळे घ्या. कोणी ‘शेंगोळे’ लिहितो, कोणी ‘शेंगोळ्या’, तर कोणी रोमन लिपीत मनास येईल तसे. त्याचे पीठ ज्या धान्याचे, त्या एकाच धान्याला देशावर हुलगा म्हणतात, तर कोकणात कुळीथ. शीर्षकात ‘हुलग्याचे शेंगोळे’ आणि वर्णनात ‘कुळीथ’ घातले, तर दोन्ही प्रांतांतले शोधणारे पोहोचतात. जिल्ह्याच्या नावाचेही तसेच. २०२४ साली अधिकृत नाव अहिल्यानगर झाले, पण शोधणारा ‘अहमदनगर’ किंवा नुसते ‘नगर’ही लिहितो. कोणते रूप जास्त शोधले जाते, हे गूगल ट्रेंड्सवर फुकट ताडून पाहता येते. टॅगांवर मात्र फार वेळ घालवू नये. व्हिडिओ सापडण्यात त्यांचा वाटा अगदी थोडा असतो, हे यूट्यूबनेच सांगितले आहे. नावाचे चुकीचे लेखन होत असेल, तेवढ्यापुरते ते उपयोगी पडतात.

दोन्ही वाटा कुठे मिळतात

चॅनेलवरील जाहिरातींच्या पूर्ण कमाईसाठी १,००० सदस्य आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज, ही अट आहे. लांब व्हिडिओवरील जाहिरात-उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा चॅनेलला मिळतो. इथे अनेक जण फसतात. जाहिरात देऊन आणलेले तास या ४,००० मध्ये धरले जात नाहीत. शिवाय जाहिरातीतून आलेला प्रेक्षक बहुधा लवकर निघून जातो, त्यामुळे सरासरी बिघडते आणि आपला खरा प्रेक्षक काय पाहतो ते ओळखणे अवघड होते. म्हणून मसाला, रोपे किंवा शिकवणी विकायची असेल तर जाहिरात द्यावी. चॅनेल वाढवायचे असेल तर आधी व्हिडिओ सुधारावा.

किल्ली कोणाच्या हाती

शेवटची कसोटी सुरक्षेची. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘आपली आजी’ चॅनेल हॅक झाले होते आणि काही दिवसांनी ते परत मिळाले. कष्टाने जमवलेले घर एका क्लिकवर कसे हातचे जाते, हे त्या प्रसंगाने जिल्ह्याने जवळून पाहिले. बाहेरचे कोणतेही साधन जोडताना ते खात्याची कोणती परवानगी मागते, ते वाचावे आणि वापर संपला की परवानगी काढून घ्यावी. मदतनिसाला पासवर्ड देण्याऐवजी स्टुडिओतून मर्यादित अधिकार द्यावेत. द्विस्तरीय पडताळणी चालू ठेवावी. प्रायोजकाच्या नावाने आलेली फाइल उघडू नये, कारण चॅनेलचोरीचा तो नेहमीचा मार्ग आहे.

निवडीचा क्रम यातूनच ठरतो. नव्या चॅनेलला स्टुडिओ आणि ट्रेंड्स पुरेसे आहेत. व्हिडिओंची संख्या वाढून हाताने करायची कामे जड झाली, की ट्यूबबडी किंवा व्हिडआयक्यूची वर्गणी परवडते. विकायला माल तयार असेल आणि एका गिऱ्हाइकामागे किती खर्च पेलतो हे ठाऊक असेल, तेव्हाच जाहिरातीला हात घालावा. तीही आधी थोड्या रकमेत, आपल्या तालुक्यापुरती देऊन पाहावी.