‘नर्स’ आणि ‘मालन्यूट्रिशन’ एकाच घरातले शब्द? जाणून घ्या ‘नुरीर’ या फ्रेंच क्रियापदाची गोष्ट

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी १९९२-९३ मध्ये देशभर चर्चेत आलं, ते बालमृत्यूंमुळे. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. शंभरहून अधिक मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या आणि ‘कुपोषण’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला.

इंग्रजीत यालाच ‘मालन्यूट्रिशन’ म्हणतात. हा शब्द आला कुठून?

दूध पाजण्यापासून सुरुवात

लॅटिनमध्ये ‘नुट्रिरे’ म्हणजे दूध पाजणं, वाढवणं. त्यातून फ्रेंचमध्ये ‘नुरीर’ हे क्रियापद आलं. अर्थ : खाऊ घालणं, पोसणं. इंग्रजीतला ‘नरिश’ याच ‘नुरीर’वरून आला.

‘नर्स’ही याच घरातली. फ्रेंचमध्ये ‘नुरीस’ म्हणजे दुसऱ्याच्या बाळाला अंगावर पाजणारी दाई. इंग्रजीत ‘नर्स’चा जुना अर्थ तोच होता, रुग्णांची सेवा करणारी हा अर्थ नंतरचा. ‘न्यूट्रिशन’चं मूळही लॅटिन ‘नुट्रिरे’च. त्याला वाईट या अर्थाचं ‘माल’ जोडलं की झालं ‘मालन्यूट्रिशन’.

फ्रेंच माणूस मुलांना ‘नुरीर’ करतो, तशी मनात आशाही ‘नुरीर’ करतो. आपण नाही का, मनात वैर पोसतो!

मराठीत काय?

आपल्याकडे संस्कृत ‘पुष्’ धातूपासून पोसणं, पोषण, पुष्ट आणि कुपोषण हे शब्द आले. शेतकऱ्याला आपण जगाचा ‘पोशिंदा’ म्हणतो.

शब्दात काय हरवतं?

‘पोसणं’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोण पोसतं? ‘कुपोषण’ म्हटलं की तो प्रश्नच गळून पडतो, जणू हा एखादा आजार आहे. नोंदीत तर तोही शब्द अनेकदा दिसत नाही, कारण अशक्त मूल शेवटी जातं ते न्यूमोनियाने किंवा जुलाबाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, पाच वर्षांखालच्या मुलांच्या जवळपास निम्म्या मृत्यूंमागे अपुरं पोषण असतं.

जव्हार-मोखाड्यात भातकापणी झाली की अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. इथले लोक त्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. गावातली अंगणवाडी मागे राहते. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण देणारी २०१५ ची अमृत आहार योजनाही अंगणवाडीतूनच चालते.

म्हणूनच कुपोषणाचा आकडा वाचताना जुनं क्रियापद आठवावं. मुलाला कोण पोसतं, आणि त्याच्या आईला कोण?