दक्षता घेऊ

आमच्या वाकोल्यातल्या सोसायटीत चोवीस सभासद. वार्षिक सभेच्या कोरमला सोळा हवेत, येतात सात-आठ. मग चेअरमन घड्याळ बघतात, सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्याच खुर्च्यांवर, तेवढ्याच माणसांत पुन्हा सुरू होते. तहकूब सभेला कोरम लागत नाही. ताळेबंद ‘वाचला असे समजून’ मंजूर. 30 सप्टेंबरची मुदत पाळली की कमिटी सुटली.

यंदा टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा आकडा डोळ्यांत खुपला, म्हणून सभेआधीच सेक्रेटरींकडे कागद मागितले. “आमच्यावर विश्वास नाही का?” हा प्रश्न आला, आणि बहुतेक सभासद इथेच ओशाळून घरी जातात. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे कमिटीच्या बैठकांचं इतिवृत्त सभासदाला फुकट पाहता येतं. वही मिळाली. एका बैठकीचे ठराव 1 ते 4, काळ्या शाईत. चौथा ठराव आणि सह्या यांच्यामधल्या बोटभर जागेत निळ्या शाईनं, मुंगीएवढ्या अक्षरात ‘4-अ’: टेरेसच्या कामास मंजुरी. सूचक आहे, अनुमोदक नाही.

पैसे खाल्ले असं मी म्हणणार नाही. टेरेस पावसाळाभर गळली नाही. काम आधी उरकलं, कागद मागाहून केले, एवढंच त्या निळ्या शाईवरून दिसतं. पण दर ठरवला कोणी आणि कशावरून, हे त्या वहीत कुठेच नाही.

ऑडिटरनं हे सोडलं नव्हतं: ‘कोटेशन्स दप्तरी नाहीत.’ अशा शेऱ्यांवर कमिटीनं ‘ओ’ नमुन्यात दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. मागचे अहवाल काढायला लावले. शेरे बदलत गेलेत, उत्तर तेच: ‘यापुढे दक्षता घेऊ.’

पुढची वाट एच पूर्व विभागाच्या उपनिबंधकांकडे जाते. कलम 83 ची चौकशी, नुकसान सिद्ध झालं तर कलम 88 खाली वसुली, तीही कमिटीवाल्यांच्या खिशातून. पूर्वी निवडून आल्यावर एम-20 बंधपत्रावर सह्या करून ही जबाबदारी घ्यावी लागे. आमच्या खजिनदारांना त्यातलं ‘कसलासा स्टॅम्पपेपर’ एवढंच आठवत होतं. निवृत्त माणूस, बिनपगारी, रात्री अकराला पाण्याच्या मोटरसाठी खाली उतरणारा. त्यांना त्या कचेरीत खेटे घालायला लावणं जिवावर आलं. विचारायचं ते सभेतच विचारलं.

थोडी बाचाबाची झाली. दोघांनी पार्किंगचा विषय घुसवला. शेवटी ठरलं की यापुढे कोटेशन्स काम देण्याआधी नोटीस बोर्डावर लागतील आणि अंतर्गत हिशेबतपासनीस नेमायचा. नाव सुचवा म्हटल्यावर सगळे वडापावकडे वळले. सेक्रेटरींनी माझं नाव घेतलं, खजिनदारांनी हसत अनुमोदन दिलं. ठराव लिहिताना मी शाई बघून घेतली.