वितरकाचा जामीन कोण?

लेखमाला : सरकारी जुगार आणि आपण – लेखांक ५

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यात केज, वडवणी, धारूर, पाटोद्याकडं ऊसतोडीच्या उचलीचा, म्हणजे आगाऊ पैशांचा हिशेब सुरू होतो. कारखान्यासाठी तोडणी मजूर जमवणारा मुकादम डोळे झाकून कुणाला उचल देत नाही. हा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मागच्या हंगामात कुठल्या कारखान्यावर होता, पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या आत निघून गेला का, हे चार ठिकाणी विचारून मगच पैसे मोजतो. मुकादमालाही कारखाना तसा सोडत नाही. करार लिहून घेतो, जामीनदार मागतो. पैसे बुडाले की लोक आधी जामीनदाराच्या दारात उभे राहतात.

सरकारी लॉटरीलाही असाच एक मुकादम असतो, त्याला वितरक म्हणतात. १९९८ च्या लॉटरी कायद्याप्रमाणं तिकीट राज्यानं छापायचं, सोडत राज्यानं काढायची, विक्रीचा पैसा राज्याच्या खात्यात यायचा. पण परराज्यातल्या टपरीपर्यंत तिकीट नेतो वितरक. किती खपली आणि किती बक्षिसं तिकडंच वाटली, हा हिशेबही तोच आणून देतो. त्यानं बक्षिसांचा आकडा फुगवला तर तेवढी रक्कम राज्याला कमी मिळते.

सिक्कीमच्या लॉटरीत हेच झालं, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. केरळात सिक्कीमची तिकिटं विकणाऱ्या सँटियागो मार्टिन यांच्या कंपन्यांनी एप्रिल २००९ ते ऑगस्ट २०१० या काळात बक्षिसांचे दावे फुगवून ९१० कोटींचा बेकायदा लाभ मिळवला, असं ईडी सांगते.

मला जास्त अस्वस्थ करतं ते त्याआधीचं एक प्रकरण. २००७ मध्ये माकपच्या ‘देशाभिमानी’ या दैनिकानं मार्टिन यांच्याकडून दोन कोटी रुपये घेतल्याचं उघड झालं. केरळात गदारोळ उठला, पैसे परत करावे लागले, दैनिकाचे महाव्यवस्थापक ई. पी. जयराजन यांना पद सोडावं लागलं. म्हणजे या वितरकाचे राजकीय व्यवहार तपासायला वर्तमानपत्र वाचणंही पुरेसं होतं. एका पक्षानं आपल्या माणसाला जबाबदार धरलं. ज्यांच्या नावानं तिकिटं विकली जात होती त्या सरकारांनी काय केलं?

२०१० च्या नियमांत वितरकाची पात्रता आणि अनुभव राज्य ठरवू शकेल, असं म्हटलंय. ठरवलंच पाहिजे, असं नाही. १९९८ च्या कायद्याचं सातवं कलमही बघा. सरकारी विभागानं कायदा मोडून लॉटरी चालवली तर विभागप्रमुखाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मंत्र्याचा उल्लेखच नाही. धोरण ठरवणारा मोकळा, फाइल फिरवणारा अडकणार. जामीनदाराची जागा कोरी सोडलेला हा करार आहे.

ती कोरी का राहते, याचा अंदाज मार्च २०२४ मध्ये आला. निवडणूक रोख्यांची यादी जाहीर झाली, त्यात सर्वांत मोठी खरेदीदार मार्टिन यांची फ्युचर गेमिंग होती : १,३६८ कोटी. त्यातले ५४२ कोटी तृणमूल काँग्रेसला, ५०३ कोटी द्रमुकला, १०० कोटी भाजपला गेले. पश्चिम बंगाल ही तर याच कंपनीच्या तिकिटांची मोठी बाजारपेठ. ज्याला तपासायचं त्याच्याकडूनच देणगी घेतली, तर तपासणी कोण करणार?

महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी १९६९ पासून चालू आहे आणि ती वित्त विभागाच्या हाताखाली आहे. बीड जिल्ह्यातून विधानसभेत सहा आमदार जातात. त्यांतल्या एकानं जरी तारांकित प्रश्न टाकला की, ‘लॉटरीचे घाऊक विक्रेते नेमताना त्यांच्यावरचे गुन्हे, थकबाकी आणि राजकीय देणग्या तपासल्या का, आणि त्या अहवालावर मंत्र्यांची सही आहे का’, तर सभागृहात उत्तर द्यावं लागेल.

पुढच्या आठवड्यात : वितरक न नेमता केरळचं लॉटरी खातं स्वतःची तिकिटं कशी विकतं.