आबांच्या ट्रकचा क्लच



आमच्या मळ्यात चिंचेखाली एक जुना ट्रक उभा आहे, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो १९६६ सालचा टाटा-मर्सिडीज आहे. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्याने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार केला. तो १९६९ पर्यंत चालला. म्हणून त्या काळातल्या ट्रकांच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी दिसते. आमच्याही ट्रकला ती आहे.

आबा या ट्रकमधून नामपूरचा कांदा मुंबईला नेत. येताना कसारा घाट चढावा लागे. पुढे ट्रक जुना झाला आणि बरीच वर्षे जागेवरच उभा राहिला. यंदा भंगारवाला आला. दादा म्हणजे माझे वडील म्हणाले, "देऊन टाकू, नुसती जागा अडते." आबा काहीच बोलले नाहीत, पण रात्री जेवलेही नाहीत. मग दादा म्हणाले, "बरं, दिवाळीपर्यंत चालू झाला तर ठेवू."

मालेगावहून मिस्त्रीकाका आले. डिझेल, बॅटरी, पाणी सगळे नवे घातले. इंजिन सुरू झाले! पण गिअर काही पडेना. नुसता खर्रर्र आवाज. मिस्त्रीकाका म्हणाले, "क्लच चिकटला."

आता क्लच म्हणजे काय ते सांगतो.

गाडी उभी असली तरी चालू इंजिन फिरतच असते. चाके मात्र थांबलेली असतात. मग गिअर टाकताना इंजिन आणि चाके यांची थोडा वेळ फारकत करावी लागते. ते काम क्लच करतो. समजा, खाली एक थाळी आहे, तिच्यावर भाकरी आणि भाकरीवर जड पातेले. थाळी फिरवली की भाकरीही फिरते, कारण ती दोन्हींच्या मध्ये दाबली गेली आहे. पातेले जरा वर उचलले की भाकरी सुटी होते. ट्रकमध्ये थाळी म्हणजे इंजिनाचे जड चाक, फ्लायव्हील. भाकरी म्हणजे क्लच प्लेट. पातेले म्हणजे प्रेशर प्लेट, तिला मजबूत स्प्रिंगा असतात. क्लच प्लेटच्या मधोमध खाचांचा दांडा असतो, तो गिअर बॉक्समध्ये जातो. ड्रायव्हरने पॅडल दाबले की एक बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेट मागे ओढली जाते आणि क्लच प्लेट सुटी होते.

आमचा ट्रक पावसाळ्यामागून पावसाळे उभा होता. ओलीने फ्लायव्हीलला गंज चढला आणि प्लेट त्याला चिकटून बसली. पॅडल दाबले तरी सुटेना. आधी ट्रॅक्टरने ओढून, पॅडल दाबून धरून पाहिले. कधीकधी तेवढ्या हिसक्याने प्लेट सुटते. आमची सुटली नाही. मग गिअर बॉक्स उतरवावा लागला. साखळीच्या पुलीने चार माणसांनी तो उतरवला. आम्हा मुलांना लांब बसवले होते.

आत काळी धूळ होती. एक जण ती तोंडाने फुंकायला गेला. मला गुरुजींनी सांगितलेले आठवले. जुन्या क्लचच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याचे बारीक तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि पुष्कळ वर्षांनी मोठा आजार होतो. मी ओरडलो, "काका, फुंकू नका!" सगळे हसले. पण आबा म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय. आपण जन्मभर फुंकलं, म्हणून काय झालं?" आबांना खोकला आहे. तो कशाचा ते मला माहीत नाही. मग नाकातोंडाला फडके बांधून, ओल्या कापडाने सगळे पुसून घेतले आणि ते कापड पिशवीत बांधून ठेवले.

फ्लायव्हीलचा गंज पॉलिश पेपरने घासून काढला. जुने अस्तर रिव्हेटांपर्यंत झिजले होते, म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले नवे अस्तर मारून आणले. प्लेट बरोबर मधोमध बसावी म्हणून सुताराकडून लाकडी दांडा घडवून घेतला. प्लेट जराशी सरकली तरी गिअर बॉक्सचा दांडा आत जात नाही. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. एकाच बाजूने आवळले तर झाकण वाकते.

ट्रक सुरू केला. गिअर गुपचूप पडला! पण मळ्याच्या चढावर इंजिन नुसते ओरडू लागले आणि ट्रक हलेना. जळका वास आला. आता उलटा रोग झाला होता. आधी क्लच सुटत नव्हता, आता धरत नव्हता. आबांनी हाताने पॅडल दाबून पाहिले. ते म्हणाले, "पॅडलला ढील कुठंय?" पॅडल सुरुवातीला इंचभर, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर, मोकळे हलले पाहिजे. नाहीतर बेअरिंग सतत दाबून राहते आणि प्लेट घसरते. दांड्याचा नट फिरवून ढील दिली.

शेवटी परीक्षा घेतली. चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन धडधडून बंद पडले. ते बंद पडले म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कारण क्लच घसरत असता तर इंजिन चालूच राहिले असते.

मग आबांनी मळ्यात एक चक्कर मारली. मी शेजारी बसलो होतो. भंगारवाल्याला दादांनी परत पाठवले.

घरी ट्रक किंवा ट्रॅक्टर असेल तर लक्षात ठेवा :
१) गाडी फार दिवस एकाच जागी उभी ठेवू नका, अधूनमधून चालवा.
२) गाडी चालताना क्लचवर पाय ठेवून बसू नका, प्लेट जळते.
३) पॅडलची ढील तपासत राहा.
४) क्लचची आणि ब्रेकची धूळ कधीही फुंकू नका.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी