विमानाचा स्क्रू

शारजाच्या औद्योगिक वसाहतीतील हार्डवेअरच्या दुकानांत पाच मिलिमीटर व्यासाचा मेट्रिक स्क्रू हवा तेवढा मिळतो, आणि सेस्नासारख्या अमेरिकी बनावटीच्या लहान खासगी विमानाच्या पत्र्यातून निघालेला दहा-बत्तीस मापाचा स्क्रू त्याच्या शेजारी ठेवला, तर अनुभवी नजरेलाही दोहोंतील भेद सहसा जाणवत नाही. तरीही विमानाच्या स्क्रूचा व्यास ४.८३ मिलिमीटर असतो, त्याच्या दोन आट्यांतील अंतर बाजारच्या स्क्रूहून किंचित कमी भरते, आणि एवढासा फरक मनगटाच्या जोराने मिटवू पाहणारा मनुष्य नटाचे आटे कायमचे बिघडवून बसतो. डोक्याचीही तीच गत : पत्र्याशी समतल बसणाऱ्या विमानी स्क्रूच्या डोक्याचा कोन १०० अंशांचा, तर मेट्रिक स्क्रूचा ९० अंशांचा, खाच एका कोनाची आणि डोके दुसऱ्या कोनाचे असले, म्हणजे सारा भार एका बारीक कडेवर येतो.

या किनाऱ्यावरील खाऱ्या, दमट हवेत धातूची निवड अधिकच नाजूक होते. पोलादी स्क्रूवरील कॅडमियमचा मुलामा स्वतः झिजून पोलादाचे रक्षण करतो. वारंवार काढघाल होऊन तो खरवडला गेला, की गंज धरण्यास विलंब लागत नाही. म्हणून पुष्कळ मालक स्टेनलेस स्टीलकडे वळतात, आणि निर्मात्याची मुभा असेल तर तपासणीच्या झाकणांपुरते ते योग्यही ठरते. परंतु जेथे सांगाड्याचा भार स्क्रूवर असतो तेथे सामान्य स्टेनलेस स्क्रू बळाने उणा पडतो, शिवाय खाऱ्या ओलाव्यात भोवतालचे ॲल्युमिनियमच त्याच्या संसर्गाने झिजू लागते.

मग जुन्या स्क्रूशी ताडून नवा का घेऊ नये? १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची, नुकतीच बदललेली, वैमानिकासमोरची काच आकाशातच निखळली आणि कप्तान टिम लँकेस्टर अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले, आणि कप्तान वाचले. काचेच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने ०.०२६ इंचाने कमी होते : ते सूचिपुस्तिकेवरून न घेता जुन्या बोल्टाशी नजरेने जुळवून घेतलेले होते, आणि तो जुना बोल्टच मुळात चुकीच्या मापाचा होता.

तेव्हा प्रमाण मानावयाचे ते त्याच विमानाच्या सुट्या भागांच्या सूचिपुस्तिकेतील क्रमांकाला. उदाहरणार्थ, समतल बसणाऱ्या विमानी स्क्रूंच्या एमएस २४६९४ या मालिकेत मूळ क्रमांकापुढील आकडाच जाडी व लांबी ठरवतो. पुडीवर तोच आकडा आहे आणि सोबत पुरवठादाराचा दाखला आहे, याची खातरजमा करून मगच अधिकृत अभियंत्याने स्क्रू बसवावा व विमानाच्या दप्तरात तशी नोंद करावी.