वेगळ्या देहाला वेगळे मोजमाप
जन्मतः हात-पाय अपुरे असलेल्या ज्येष्ठांचे आरोग्य

थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध १ ऑक्टोबर १९५७ रोजी तत्कालीन पश्चिम जर्मनीत विक्रीस आले. ते पूर्णतः निर्धोक असल्याची जाहिरात झाली. गरोदर मातांनीही मळमळीवरील उपाय म्हणून ते विश्वासाने घेतले. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विडुकिंड लेन्झ यांच्या इशाऱ्यानंतर नोव्हेंबर १९६१ मध्ये तेथे ते मागे घेण्यात आले. जपानमध्ये मात्र सप्टेंबर १९६२ पर्यंत ते विकले जात होते. जगभरात सुमारे १० हजार बालके या औषधामुळे व्यंगासह जन्मली. अनेकांचे हात वा पाय आखूड होते, काहींना ते नव्हतेच. कित्येक अर्भके लवकरच दगावली. जी जगली, ती आज साठी ओलांडून गेली आहेत.

या मंडळींच्या वार्धक्याने वैद्यकशास्त्रापुढे एक नवा प्रश्न उभा केला आहे. अन्नाचे शक्तीत रूपांतर करण्याच्या शरीराच्या व्यवहारास चयापचय म्हणतात. तो बिघडला की मधुमेह, उच्च रक्तदाब, यकृतातील चरबी असे विकार उद्भवतात. जपानमध्ये पन्नाशीच्या सुमारास असलेल्या थॅलिडोमाइडग्रस्तांची तपासणी करण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत असे जीवनशैलीचे विकार अनेकांमध्ये आढळले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हात नसल्यामुळेच मधुमेह होतो, असे मुळीच नाही. मात्र जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. अवयव अपुरे असतील तर स्नायू कमी आणि शरीराची उष्मांकांची गरजही कमी. ताटातील वाढप मात्र घरातील इतरांइतकेच असते. शिवाय आयुष्यभर पायांनी, दातांनी आणि आखूड हातांनी कामे केल्यामुळे मान, खांदे, कंबर व गुडघे अकाली झिजतात. वेदनेमुळे हालचाल मंदावते व वजन वाढते.

खरी अडचण पुढेच आहे. आपली मोजमापे चारही अवयव पूर्ण असलेल्या देहासाठी बनलेली आहेत. एका पूर्ण हाताचे वजन शरीराच्या सुमारे ५ टक्के, तर पायाचे सुमारे १६ टक्के धरले जाते. दोन्ही हात नसलेल्या, १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ५८ किलो भरले, तर नेहमीच्या हिशेबाने तिचा बीएमआय सुमारे २२.७ येतो. भारतीयांसाठी २३ पर्यंतचा आकडा ठीक मानतात, तेव्हा सर्व आलबेल वाटते. नसलेल्या हातांचे १० टक्के हिशेबात घेतले की तोच आकडा २५ च्या वर, म्हणजे लठ्ठपणात जातो. पाय आखूड असतील तर उंचीच फसवी ठरते. अशा वेळी कमरेचा घेर अधिक उपयोगी पडतो. भारतीय पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा मानली जाते.

रक्तदाबाचेही तेच. दंड नसेल तर मोठा पट्टा वापरून मांडीवर दाब मोजता येतो. तेथे वरचा आकडा सामान्यतः दंडापेक्षा अधिक येतो. म्हणून दर वेळी त्याच जागी, त्याच स्थितीत मोजून त्या व्यक्तीच्याच आधीच्या नोंदींशी तुलना करावी. रक्त पायाच्या शिरेतून घेता येते, पण त्यासाठी सराव असलेला हात लागतो. हे जमत नाही म्हणून तपासणीच टाळली जाते, आणि आजार मात्र आत वाढत राहतो.

आपल्या धर्मग्रामांतही जन्मतः अपुऱ्या अवयवांचे ज्येष्ठ बंधुभगिनी असू शकतात. त्यांच्या व्यंगाची कारणे निराळी असतील. तथापि वजनकाटा आणि रक्तदाबाचा पट्टा त्यांनाही तसाच अपुरा पडतो. त्यांच्या जिद्दीचे आपण भरभरून कौतुक करतो, पण त्यांची साखर शेवटची केव्हा तपासली, हे विचारतो काय? कुटुंबीयांनी वर्षातून एकदा तरी त्यांची साखर, चरबी, यकृत व रक्तदाब यांची तपासणी करून घ्यावी. त्यांना झेपेल असा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावा. धर्मग्रामाच्या आरोग्य शिबिरात मांडीसाठीचा मोठा पट्टा व मोजण्याची टेप आवर्जून ठेवावी. दिव्यांगांना सरकारी व खासगी रुग्णालयांत अडथळाविरहित सेवा मिळावी, अशी तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. तेव्हा ही मागणी करताना संकोच नसावा.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात ख्रिस्तसभेला एका शरीराची उपमा दिली आहे. त्या शरीरातील एका अवयवाचे दुःख सर्वांचे असते. हे आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकतो. शेजारच्या ज्येष्ठाला दवाखान्यात सोबत करणे आणि त्याच्या देहाचे योग्य माप घेतले जाईपर्यंत तेथे थांबणे, हे त्या शिकवणीचे साधेसुधे आचरण होय.