कुलमुखत्यारपत्र ऐन गरजेला का चालत नाही
(लेखमाला : आईवडिलांना सांभाळताना, लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आरोग्यविम्याचं पाहिलं. आज बँकेचं.

वडिलांना स्मृतिभ्रंश झालाय. सही कधी अर्धीच होते, कधी बँकेतल्या नमुन्याशी जुळत नाही. दिवसरात्र आया ठेवायची, त्यासाठी वडिलांच्या एकट्याच्या नावावरची ठेव मोडायला लेक बँकेत जाते आणि नोंदणी केलेलं कुलमुखत्यारपत्र पुढे ठेवते. अशाच वेळेसाठी तर ते करून ठेवलं होतं, असं तिला वाटतं.

कायदा नेमकं उलट सांगतो. १८७२च्या करार कायद्याचं कलम २०१ असं आहे की, मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की मुखत्याराचा अधिकार संपला, अगदी तो माणूस वारल्यावर संपतो तसाच. माणूस असमर्थ झाल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राची सोय इंग्लंडमध्ये आहे, आपल्याकडे नाही. संसदेने ती करायलाच हवी, कारण आज या उणिवेचा सगळा भार सांभाळणाऱ्यांवर पडतोय.

दुसरे कायदेही इथे अपुरे पडतात. १८९०चा पालकत्वाचा कायदा अज्ञान मुलांपुरता आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पण त्याचा अधिकार उपचारांपुरता. त्याला ठेवीला हात लावता येत नाही. शेवटी घटनेच्या कलम २२६खाली उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक मागावी लागते. कोमातल्या रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांना मुंबई उच्च न्यायालयाने अशी नेमणूक दिली आहे. पण त्यासाठी वकील, वैद्यकीय अहवाल, बाकीच्या वारसांचं म्हणणं, हे सगळं आलंच. आणि आयाचा पगार तर दर महिन्याला द्यायचा असतो.

म्हणून वडिलांना सगळं कळतंय तोवरच खात्यात दुसरं नाव घाला आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशी सूचना लेखी द्या. ठेवींचं मात्र बारकाईने विचारा. अशी सूचना असली तरी मुदतीआधी ठेव मोडायची तर दोघांच्याही सह्या लागू शकतात. एकच मोठी ठेव असेल तर नूतनीकरणाच्या वेळी तिच्या छोट्या ठेवी करा, वेगवेगळ्या महिन्यांत मुदत संपणाऱ्या.

हात थरथरतो पण डोकं शाबूत आहे, अशा आजींना कोर्टाची गरज नाही. दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अंगठा लावून पैसे काढता येतात. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७मध्येच बँकांना सांगितलंय. शाखेत जाऊन ती मागा, लेखी मागा.

कराबद्दल थोडक्यात. नाव जोडलं म्हणून वडिलांच्या पैशावरचं व्याज लेकीचं उत्पन्न होत नाही. ते वडिलांच्याच विवरणपत्रात दाखवायचं. साठी ओलांडलेल्या वडिलांचा आरोग्यविमा नसेल, तर लेकीने केलेल्या त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत तिला वजावट मिळते. मात्र तिने जुनी करप्रणाली निवडलेली हवी आणि पैसे रोखीने दिलेले नकोत. सासूसासऱ्यांचा खर्च करणाऱ्या सुनेला ही वजावट नाही. सेवा बहुतेक घरांत तीच करते, तरीही नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

पुढच्या आठवड्यात : घर मुलाच्या नावावर करताना बक्षीसपत्रात कोणती अट हवी?